क्रूझवर आपली बाटली नेता येते का?

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातल्या एका कृषी केंद्रवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. बियाण्याच्या कंपनीची स्कीम त्यांनी यंदा पूर्ण केली, म्हणून कंपनी त्यांना आणि आसपासच्या चाळीसेक दुकानदारांना क्रूझवर नेणार आहे. मुंबई-गोवा की सिंगापूर, हे अजून ठरायचंय. त्यांच्याच शब्दांत सांगतो: "जहाजावर एक पेग हजार रुपयाले पडते म्हणतात. मंग आपली बाटली आपण नेली तं चालते का? आमच्यातला एक जण मोहाची नेतो म्हणून राह्यला. तिकडं चेकिंग कसं रायते?"

मी आर्वीकडचा. नऊ वर्षं अमेरिकेतून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांवर होतो. पहिली सहा वर्षं बारमध्ये ट्रे घेऊन फिरलो, पुढची तीन बारच्या स्टोअरवर काढली. आता घरची संत्र्याची बाग बघतो आणि हंगाम आटोपला की अशाच दुकानदारांच्या टूर नेतो. बाटल्या जप्त होताना मी पाहिल्यात आणि लपवणाऱ्यांसोबत एकाच रेल्वेच्या डब्यातही बसलोय.

सरळ उत्तर असं, की व्हिस्की, रम, देशी, मोहाची, यातलं काहीही बहुतेक कुठल्याच मोठ्या क्रूझवर प्रवाशाला नेता येत नाही. काही अमेरिकन कंपन्या सीलबंद वाइन नेऊ देतात, त्याचं खाली सांगतो. पण भाऊ, तुमच्या बाबतीत जहाज ही फार पुढची गोष्ट आहे. तुमची बाटली वर्धा स्टेशनावरच अडकते.

आपला जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा. तुम्हाला हे मी काय सांगू, पण सवयीनं आपण विसरतो. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ, तिथं दुकान उघडं. नदीच्या अलीकडं, आपल्या काठाला, तीच बाटली खिशात सापडली तर गुन्हा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे तुमच्या टूरमधला चंद्रपूरचा दुकानदार बाटली घेऊन गाडीत चढला तर ती एक गोष्ट, आणि तुम्ही वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस धरताना बॅगेत बाटली असली तर ती दुसरी. जहाजावर बाटली सापडली तर तिकिटाची अट मोडली, एवढंच होतं. इथं सापडली तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली केस होते. लोक नेमकं उलटं धरतात. बोटीवरच्या सिक्युरिटीला घाबरतात आणि वर्ध्याच्या फलाटावर बिनधास्त फिरतात.

गाडीत बसल्यावर "थोडीशी" घेणाऱ्यांनाही आत्ताच सांगून ठेवा. रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली दारू पिऊन डब्यात गोंधळ घालणाऱ्याला खाली उतरवता येतं. एका टूरमध्ये माझे दोघं असे भुसावळला उतरले. तिसऱ्या दिवशी आम्ही गोव्यात होतो आणि ते घरी परतून कापसाच्या गाड्या मोजत होते.

आता मोहाची. जो नेतो म्हणतो त्याला माझ्यातर्फे हात जोडून सांगा, की बाबा, असं करू नको. मोहाला मी नावं ठेवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन फुलं वेचणाऱ्या बायांमध्ये माझी आजीही होती, आणि मेळघाटात किंवा गडचिरोलीत देवाला मोहाची धार सोडतात त्यातला भाव मला कळतो. पण आपण जिला पहिल्या धारेची म्हणतो ती जहाजवाल्याच्या टेबलावर ठेवली, की त्याला काय दिसतं? सील नाही, लेबल नाही, ताकद किती ते लिहिलेलं नाही, आत काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती गावठी दारूत मिसळलेल्या मिथेनॉलनं. आपल्या गावच्या भट्टीत मिथेनॉल नसेल, हे तुम्हाला माहीत; जहाजावरच्या डॉक्टरला नाही. त्याच्याकडे छोटा दवाखाना असतो, जवळचं मोठं हॉस्पिटल समुद्रात शेकडो किलोमीटर लांब. त्यात जोराची धार काडी लावली की पेटते, आणि जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. इस्त्री, मेणबत्ती, गरम कॉइलची किटली, तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळं तिथं काढून घेतात ते याच भीतीपोटी. सकाळचा चहा स्वतः करून प्यायला आमच्या लोकांनी नेलेल्या किती किटल्या मी जप्त होताना पाहिल्या, मोजल्याच नाहीत.

विमानानं गेलात, म्हणजे सिंगापूर ठरलं, तर मोहाची तिथंही अडते. विमानात सामानात टाकायच्या बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण दुकानात विकतात त्याच बंद बाटलीत. ७० टक्क्यांच्या वर काहीच नाही. घरगुती दारू कुठल्याही बाटलीत भरली तरी ती दुकानातली होत नाही.

चेकिंग कसं राहते, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझा खरा अनुभव यातलाच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

बंदरावर पोचलात की मोठी बॅग हमालाकडे द्यायची. तिच्यावर तुमच्या केबिनच्या नंबरचा टॅग लावतात. तुम्ही पुढं कागद तपासायला जाता, बॅग वेगळ्या वाटेनं एक्स-रे मशीनमधून जाते. मशीनच्या पडद्यावर दारू, पाणी, तेल, अन्न असलं जैविक सामान नारिंगी रंगात दिसतं आणि बाटलीचा आकार लपत नाही. पँटच्या पायात गुंडाळा, धोतराच्या घडीत ठेवा, चपलेत कोंबा. संशय आला की त्या बॅगेला वेगळी खूण करून बाजूला काढतात. बाकीच्यांच्या बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात, तुमची येत नाही. जेवायला सगळे नवे कपडे घालून निघालेत आणि तुम्ही रेल्वेतलाच शर्ट घालून बसलात. मग फोन किंवा चिठ्ठी येते, की खाली अमुक डेकवर या. तिथं खोलीभर बॅगा पडलेल्या असतात आणि तुमच्यासारखे वीस-पंचवीस जण खाली माना घालून रांगेत उभे. तुमच्यासमोर बॅग उघडतात. काही कंपन्या पावती देऊन बाटली ठेवून घेतात आणि उतरायच्या वेळी परत करतात. काही फेकून देतात, पैसे मिळत नाहीत. कार्निवल या अमेरिकन क्रूझ कंपनीच्या अटींत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

लोक काय काय करतात! माउथवॉशच्या बाटलीत निळा रंग घालून व्होडका, शॅम्पूच्या बाटलीत रम, त्याच कामासाठी विकत मिळणाऱ्या चपट्या प्लास्टिकच्या पिशव्या, सनस्क्रीनच्या ट्यूब. अमेरिकेतली लबाडी आपल्यापेक्षा कमी नाही, उलट दोन पावलं पुढं. पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा सील करून आत व्होडका भरायची एवढी साथ आली, की २०१५ साली कार्निवलनं प्रवाशांना बाटलीतलं पाणी आणि सोडा आणायलाच बंदी केली. आता तिथं बिनदारूचं पेय फक्त कॅन किंवा खोक्यात, माणशी बाराच, आणि तेही हातातल्या बॅगेत. पाप व्होडकावाल्याचं, शिक्षा पाणीवाल्याला.

एक आमच्याकडची गोष्ट सांगतो, नाव-गाव न घेता. माझ्या टूरमधल्या एका पाव्हण्यानं रम भरली टॉनिकच्या डब्यात. टॉनिक म्हणजे माणसाचं नव्हे, कपाशीवर फवारायचं. डबा नवा होता, आत कधी औषध भरलेलं नव्हतं, असं तो शपथेवर सांगत होता. कृषी केंद्रवाला माणूस, रिकामे डबे त्याच्याकडे पडलेलेच. सिक्युरिटीनं लेबल वाचलं, रासायनिक पदार्थ समजून खोली रिकामी केली आणि हातमोजे घातलेला माणूस बोलावला. तिथं मी दुभाषी. "सर, त्यात विष नाही, रम आहे" असं मला इंग्रजीत चार माणसांसमोर म्हणावं लागलं. पाव्हणा मागून पुटपुटतोय, "काहून सांगता जी, आता पिऊ तं देत नाहीच." रम गेली, डबा गेला, आणि पुढच्या प्रत्येक बंदरावर त्याची बॅग उघडून पाहत होते. हसायची गोष्ट आहे, पण फवारणीच्या डब्यात प्यायचं काहीही भरू नका, डबा कितीही नवा असला तरी. आपल्या भागात असल्या डब्यानं चुकून काय होतं, हे दुकानदाराला मी शिकवायला नको.

जहाजवाले बाटलीवर एवढे का टपलेत? तुमच्यातला एक जण म्हणेलच, "आपल्या पैशाची बाटली, यायच्या बापाचं काय जाते?" तर जातं. क्रूझचं तिकीट कधीकधी इतकं स्वस्त दिसतं, की खोली, जेवण, नाच-गाणं सगळं धरून हॉटेलपेक्षा कमी. तो तोटा बार आणि कॅसिनोतून भरून निघतो. मी बारच्या स्टोअरवर असताना रोज सकाळी आदल्या रात्रीचा हिशेब वरच्या साहेबाकडे जाई, आणि कुठल्या बारची विक्री घसरली याची विचारणा जेवणाच्या तक्रारीच्या आधी होई. धंदा आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुसरंही एक कारण आहे, आणि ते खरं आहे. बारमध्ये पिणाऱ्याला आम्ही थांबवू शकत होतो. जीभ जड झाली की "आज पुरे सर" म्हणायची आम्हाला मुभा होती आणि जबाबदारीही. केबिनमध्ये दार लावून पिणाऱ्याला कोण थांबवणार? बाल्कनीचा कठडा, रात्र आणि हलणारं जहाज. माणूस पाण्यात पडला तर जहाज वळवून त्याला शोधायला किती वेळ लागतो, याचं ड्रिल आम्ही करायचो. त्या ड्रिलनंतर मला तरी नियमाचा राग आला नाही.

वाइनचं सांगायचं राहिलं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निवल पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेनची बाटली पहिल्या दिवशी चढताना नेऊ देतात. हातातल्या बॅगेत ठेवायची, हमालाला दिलेल्या बॅगेत नाही. केबिनमध्ये प्यायलात तर वेगळा पैसा नाही. कार्निवलवर जेवणाच्या हॉलमध्ये किंवा बारमध्ये ती उघडली तर १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून ग्लास द्यायचे पैसे. नॉर्वेजियन नावाची कंपनी वाइनच्या हव्या तितक्या बाटल्या आणू देते, पण प्रत्येक बाटलीवर कॉर्केज घेते. एमएससी कंपनीच्या जहाजांवर बाहेरची दारू नाही. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावरही बाहेरची दारू नाही आणि बाहेरचं खाणंही नाही. म्हणजे मुंबई-गोवा ठरलं तर तुमचा प्रश्न इथंच संपला. सिंगापूरच्या जहाजाचं नाव कळलं की तिकिटासोबत आलेल्या अटी वाचा. दारूचा परिच्छेद साधारण "निषिद्ध वस्तू" या मथळ्याखाली, शस्त्रं आणि ड्रोनच्या शेजारी असतो. हे नियम बदलतात. गेल्या वर्षी गेलेल्या मेहुण्यानं सांगितलं म्हणून विसंबू नका.

बंदरावर उतरून बाटली घेतली तर? जहाजाच्या पायऱ्यांशी ती काढून घेतात, चिठ्ठी लावून ठेवतात आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या रात्री परत देतात. जहाजावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातून घेतली तरी तसंच. तिथले भाव बघून डोळे चमकतात, पण ती बाटली घरी न्यायला आहे, त्या रात्री उघडायला नाही.

मुंबई-गोवा फेरीत एक वेगळा खड्डा आहे. गोव्यात दारू स्वस्त, म्हणून चार बाटल्या घेऊन परत यायचा मोह होतो. "फक्त गोव्यात विक्रीसाठी" छापलेली बाटली महाराष्ट्रात आणणं बेकायदा आहे. जहाजानं आणली काय आणि एसटीनं आणली काय, सारखंच. आणि लक्षद्वीपला जाणारी फेरी कोणी सुचवली, तर तिथं बंगाराम बेटासारखा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे. वर्ध्यातून निघून पुन्हा वर्ध्यातच पोचल्यासारखं.

पेग हजारचा पडतो का? अमेरिकन जहाजांवर एक कॉकटेल १० ते १५ डॉलरच्या घरात, वर टिप बिलातच जोडलेली, साधारण १८ ते २० टक्के. हजारचा आकडा फार खोटा नाही. पण तिथला पेग आपल्या ३० मिलीच्या छोट्या पेगपेक्षा मोठा असतो, आणि बर्फाची बादली, लिंबू, ग्लास आणून देणारा माणूस सगळं त्यात आलं. रोख पैसे चालत नाहीत. केबिनचं कार्डच पैशाचं कार्ड, म्हणून "याले एक, त्याले एक" म्हणत किती गेले ते शेवटच्या सकाळी कळतं. माझा अनुभव असा, की बार उघडा, समोर समुद्र, पोटात नाश्ता-जेवण-चहा-केक, रात्री शो. त्यात आपला माणूस दिवसाला दोन-तीन पेगच्या वर जात नाही. घरी बंदीमुळे घाईघाईनं पितो, तिथं घाई नसते. तीन रात्रीचे सहा-आठ पेग धरा आणि बाटलीच्या नादात होणाऱ्या कटकटीशी तुलना करा.

ड्रिंक पॅकेजच्या मागं डोळे झाकून लागू नका. कार्निवल, रॉयल कॅरिबियन अशा कंपन्यांत एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसानं दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आता दुकानदारांच्या टूरमध्ये केबिन दोघांच्या जोडीनं लावतात. तुमच्या शेजारी आळंदीला जाणारा माळकरी काका निघाला, तर तो दिवसभर लिंबूपाणी पिऊन दारूच्या पॅकेजचे पैसे भरतो. जोड्या ठरवायच्या आधी कंपनीच्या माणसाशी बोलून घ्या: पिणारे पिणाऱ्यांसोबत, माळकरी माळकऱ्यांसोबत. कार्निवलच्या पॅकेजला २४ तासांत १५ पेगची मर्यादा आहे, पण तिथवर पोचायची इच्छा असेल तर तुम्ही माझ्या टूरवर येऊ नका.

उलट्यांची गोळीही आठवून ठेवा. पहिल्या दिवशी बोट हलली की आपला विदर्भाचा माणूस, ज्यानं समुद्र फक्त चौपाटीवर पाहिला, तो हिरवा-पिवळा होतो. बरेच जण अ‍ॅव्होमिन घेतात. ती गोळी झोप आणते. तिच्यावर दारू घेतली तर झोप दुप्पट, तोल अर्धा. प्रवास विमा काढला असेल तर तोही वाचा. दारूच्या नशेत झालेल्या इजेला बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

सिंगापूर ठरलं तर बाटलीपेक्षा मला तुमच्या खर्ऱ्याची काळजी जास्त आहे. तिथं तंबाखू चघळायचे पदार्थ आणायलाच बंदी आहे. गुटखा, खैनी, आपला घोटलेला खर्रा, काहीच नाही. चाळीस दुकानदारांत खर्रा न खाणारे पाच निघाले तर मी पेढे वाटीन. निघायच्या आठ दिवस आधीपासून सवय कमी करा, नाहीतर चांगी विमानतळावर उतरल्यावर तुमचं सगळं लक्ष समुद्राऐवजी गालाकडे असेल. सिगारेटवरही तिथं सवलत नाही, एका पाकिटावरही कर भरावा लागतो. दारूची सवलत मात्र आहे, प्रौढ माणसाला एकूण २ लिटर, त्यात व्हिस्की-रमसारखी कडक दारू १ लिटरपर्यंतच. जहाजावर ती चढणार नाही, हे विसरू नका.

परतीच्या वेळी भारतात माणशी २ लिटर दारू करमुक्त आणता येते. मुंबईच्या कस्टमला ती दाखवायची गरज नाही, लपवायचीही नाही. चांगीच्या ड्यूटी-फ्रीतली ती सीलबंद पिशवी मुंबईत विमान बदलताना सामानाच्या बॅगेत टाका, नाहीतर नागपूरच्या विमानात चढताना हातातली बाटली अडकू शकते. नागपुरात उतरलात, पावती खिशात, बाटली बॅगेत, सगळं कायदेशीर. गाडी वर्धा रोडला लागते, बुटीबोरी मागं पडते, आणि जिल्ह्याची हद्द आली की हजारो किलोमीटर बिनधोक आलेली तीच बाटली पुन्हा गुन्हा होते. म्हणून माझ्या टूरमधले लोक ती नागपुरात एखाद्या नातेवाइकाकडे ठेवतात. मी माझी साळ्याकडे ठेवतो. संक्रांतीला गेलो तेव्हा अर्धी उरली होती.